अळिंबीचे बीजाणू, श्वासरोग आणि आपले निदानपरिवर्जन

वर्षा ऋतू सुरू झाला की आपल्या सर्वांच्याच चिकित्सालयांत प्रतिश्याय, कास आणि तमक श्वास यांच्या रुग्णांची रांग लागते. आपण नाडी पाहतो, जिव्हा पाहतो, कोष्ठाची चौकशी करतो आणि बहुधा दहा मिनिटांत सितोपलादि, तालीसादि, वासावलेह, श्वासकुठार यांपैकी दोन-तीन कल्पांची योजना करून रुग्णास आठ दिवसांनी बोलावितो. दही, केळी, थंड पाणी वर्ज्य करावयास सांगतो. आहाराचे पथ्य सांगण्यात आपण सहसा चुकत नाही. परंतु हा रुग्ण रात्रंदिवस जी हवा आत घेतो ती कोठली, त्या हवेत काय आहे, हे आपण किती जणांना विचारतो? मी विचारीत नव्हतो. त्याची किंमत माझ्या एका रुग्णेस मोजावी लागली, म्हणून हा लेखप्रपंच.

ही रुग्णा सुमारे अडतीस वर्षांची, शेतकरी कुटुंबातील. भाद्रपदाच्या सुमारास ती प्रथम आली तेव्हा तक्रार होती ती कोरड्या खोकल्याची आणि सायंकाळी थंडी वाजून येणाऱ्या तापाची. अंग मोडून येणे, छाती भरल्यासारखी वाटणे, आणि एक-दोन दिवसांत सर्व काही आपोआप कमी होणे असा क्रम होता. हिवतापाची रक्ततपासणी दोन वेळा झाली, काही निघाले नाही. मी विषमज्वर आणि वातकफज कास असे निदान करून सुदर्शन घनवटी, सितोपलादि आणि वासावलेह दिला. गौरी-गणपतीसाठी ती दहा दिवस माहेरी गेली आणि पूर्ण बरी होऊन परतली. त्याचे श्रेय मी अर्थातच माझ्या औषधांना दिले. परत आल्यानंतर तिसऱ्या दिवशी ताप पुन्हा आला. मी मात्रा वाढविली. असे दोन पावसाळे गेले. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस तिचे वजन घटले होते आणि विहिरीवरून पाण्याची कळशी आणताना तिला मध्ये थांबावे लागत होते. त्या वेळी सोबत आलेला तिचा मुलगा सहज बोलून गेला, “आळिंब्याच्या खोलीत गेली की त्या दिवशी संध्याकाळी तिला ताप भरतोच, डॉक्टर.”

घरामागच्या खोलीत त्यांनी धिंगरी अळिंबीचे बेड टांगलेले होते. बचत गटाच्या कर्जातून हा जोडधंदा उभा राहिला होता. मी दोन वर्षे तिचा अग्नी तपासत होतो, आणि ती खोली माझ्या चिकित्सालयापासून चार किलोमीटरवर होती.

आता बीजाणूंविषयी. अळिंबी, भूछत्र, विदर्भातील सात्या, गोव्यातील वारुळावरची अळमी, या सर्व म्हणजे जमिनीत वा लाकडात पसरलेल्या बुरशीची फळे होत. छत्रीच्या खालच्या बाजूस जे पातळ पापुद्रे दिसतात, त्यांच्या पृष्ठभागावर बीजाणू तयार होतात. हवा दमट असेल तर प्रत्येक बीजाणूच्या बुडाशी पाण्याचा एक सूक्ष्म थेंब जमतो. तो थेंब बीजाणूच्या अंगावर पसरतो त्या क्षणी बीजाणू उडविला जातो. हे उड्डाण एक मिलिमीटरचेही नसते, पण तेवढ्याने तो दोन पापुद्र्यांच्या मधल्या पोकळीत येतो आणि खाली घसरत वाऱ्याला लागतो. एक छत्री अशा रीतीने अब्जावधी बीजाणू सोडते. झाडाच्या बुंध्यावर फळीसारखी वाढणारी गॅनोडर्माची एक मोठी जाती दिवसाला सुमारे तीन हजार कोटी बीजाणू टाकते असा अंदाज नेहमी दिला जातो, आणि हे कार्य काही महिने चालते. अशी तांबूस, लाखेचा थर दिल्यासारखी चकाकणारी फळी आपण रस्त्याकडेच्या जुन्या झाडांच्या बुंध्याशी पाहिलेली असते. सुपारीच्या बागांत मुळे कुजविणारी ती हीच, कर्नाटकातील बागाईतदार त्या रोगास अणबे रोग म्हणतात.

बीजाणूंचा आकारही ध्यानात घ्यावा. गवताचा परागकण साधारणपणे वीस ते चाळीस मायक्रॉनचा, तो नाकातच अडकतो आणि शिंका आणतो. धिंगरीचा बीजाणू आठ ते अकरा मायक्रॉन लांब, पण रुंदी जेमतेम तीन-चार मायक्रॉन. असा लांबट आणि हलका कण श्वासाबरोबर खोल, वायुकोषांपर्यंत जाऊ शकतो. नाकात खाज नाही, शिंका नाहीत, म्हणून अ‍ॅलर्जी नाही, असा निष्कर्ष काढणारा चिकित्सक येथे फसतो. मी फसलो तो तसाच.

ही माहिती नवी आहे असे नव्हे. इंग्लंडमधील मँचेस्टर येथील डॉ. चार्ल्स ब्लॅकले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात बुरशीचे बीजाणू स्वतः हुंगून पाहिल्याची हकीकत नोंदविली आहे. घसा बसला, छाती आवळली, आणि तो प्रयोग पुन्हा करण्याची त्यांना इच्छा राहिली नाही. १९५२ साली ग्रेगरी आणि हर्स्ट या दोघा ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अळिंबीवर्गीय बीजाणू हे हवेतून होणाऱ्या अ‍ॅलर्जीचे कारण असावे, अशी शंका ‘नेचर’ या नियतकालिकात मांडली. हर्स्ट यांच्या हवा शोषून घेणाऱ्या सापळ्यामुळे प्रत्येक तासाच्या हवेची नोंद मिळू लागली होती, आणि त्यात असे दिसले की दिवसा विरळ असणारे हे बीजाणू रात्री आणि पहाटेच्या दमट हवेत विपुल होतात. पुढे अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स येथे, जेथील हवा आपल्या कोकणासारखीच दमट, दमेकऱ्यांच्या त्वचाचाचण्यांतून त्या शंकेला पुष्टी मिळाली. आपल्याकडे त्या वेळच्या औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातील प्रा. एस. टी. टिळक यांनी १९७० च्या सुमारास आपल्या परिस्थितीस सोयीचे असे हवा-नमुना यंत्र तयार केले, ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. वनस्पतिशास्त्राच्या विभागांत त्या परंपरेत पुष्कळ काम झाले आहे. दुर्दैवाने ते आपल्या वैद्यांच्या वाचनात येत नाही, कारण आपण त्या दाराने कधी आत जात नाही. दिल्लीत १९९० च्या दशकात गॅनोडर्माच्या बीजाणूंच्या त्वचाचाचण्या झाल्या, त्यांतही प्रतिसाद देणारे श्वासरोगी आढळले.

अळिंबी उत्पादकांच्या फुप्फुसरोगाची नोंद पेनसिल्व्हेनियातील कामगारांवरून १९५९ साली झाली. येथे एक भेद समजून घेणे अगत्याचे आहे. बटण अळिंबी छत्री उघडण्याआधीच काढली जाते, त्यामुळे तिच्या कारखान्यात दोष बहुधा कुजविलेल्या खताच्या उष्ण ढिगात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा असतो. धिंगरीचे तसे नाही. ती काढणीयोग्य होते त्याच सुमारास बीजाणू सोडू लागते आणि बंद खोलीत सकाळी बेडवर, फळ्यांवर, जमिनीवर पांढरट भुकटी साचलेली दिसते. ही भुकटी म्हणजेच बीजाणू. महाराष्ट्रात घरगुती प्रमाणावर जी अळिंबी पसरली ती प्रामुख्याने हीच, कारण तिला वातानुकूलन लागत नाही, गव्हाचे काड किंवा सोयाबीनचे कुटार पुरते. म्हणून हा प्रश्न परदेशी कारखान्यांचा राहिलेला नाही, तो आपल्या बाह्यरुग्ण विभागात बाकावर येऊन बसला आहे.

आता आपल्या ग्रंथांकडे वळतो, आणि येथे काही स्नेही माझ्यावर रुष्ट होतील याची जाणीव आहे. एका परिसंवादात मी हा विषय मांडला तेव्हा एका ज्येष्ठ वैद्यांनी उठून सांगितले की चरकाचार्यांनी हे सर्व आधीच सांगून ठेवले आहे. आधार म्हणून त्यांनी चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसावा अध्याय दिला. तेथे सर्पच्छत्रक वगळून अन्य छत्रजाती शीत, मधुर, गुरू आणि पीनस उत्पन्न करणाऱ्या सांगितल्या आहेत. टाळ्या झाल्या. मीही तेव्हा गप्प बसलो, वडीलकीचा मान म्हणून. परंतु तो अध्याय अन्नपानविधीचा आहे. तेथे छत्राक ही खाण्याची वस्तू आहे आणि पीनस हा तिच्या शीत-गुरू गुणांनी होणाऱ्या कफप्रकोपाचा परिणाम आहे. त्याचप्रमाणे सुश्रुताने सूत्रस्थानाच्या सेहेचाळिसाव्या अध्यायात भाताचा पेंढा, ऊस, शेण, वेळू आणि जमीन यांवर उगवणाऱ्या छत्राकांचे वर्गीकरण केले आहे, भावमिश्रांनी त्यांना संस्वेदज शाकांत घातले आहे, तेही शाक म्हणूनच. खाल्लेल्या अळिंबीच्या गुणधर्मास हुंगलेल्या बीजाणूचे ज्ञान म्हणणे म्हणजे आचार्यांचा गौरव करण्याच्या नादात त्यांचा ग्रंथ न वाचणे होय. बीजाणू दिसण्यासाठी भिंग लागते आणि ते त्यांच्यापाशी नव्हते. त्यात त्यांना कमीपणा नाही.

ज्या ठिकाणी आचार्य खरोखर या विषयाच्या जवळ येतात ती स्थळे मात्र आपण क्वचित उद्धृत करतो. चरकांनी हिक्का-श्वास चिकित्सेत श्वासाच्या हेतूंत रज आणि धूम यांची गणना प्रारंभीच केली आहे, शीत स्थानाचीही केली आहे. विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात बिघडलेल्या वायूची लक्षणे देताना अभिष्यंदी, असात्म्य गंध, बाष्प, वाळू, धूळ आणि धूर यांनी दूषित असा वायू वर्णिला आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे स्थळ सुश्रुताच्या ऋतुचर्येच्या अध्यायात आहे. विषारी वनस्पतींच्या फुलांचा गंध वायूने वाहून आणला की त्या प्रदेशातील लोकांना कास, श्वास, वमन, प्रतिश्याय, शिरःशूल आणि ज्वर होतात, असे तेथे म्हटले आहे. वनस्पतीपासून निघालेले, हवेने आणलेले, डोळ्यांना न दिसणारे काही श्वास आणि ज्वर उत्पन्न करू शकते, ही कल्पना तेथे स्पष्ट आहे. फरकही सांगितला पाहिजे. सुश्रुतांच्या मते हे दोषप्रकृतीचा भेद न राखता सर्वांना होते. बीजाणूंचा विकार तसा नाही. त्याच खोलीत काम करणाऱ्या सासूला काही होत नाही आणि सुनेला ताप येतो. प्रकृती आणि सात्म्य यांचा विचार येथे उलट अधिक लागतो.

त्याच स्थळी उपाय सांगताना सुश्रुतांनी स्थानपरित्याग हा शब्द प्रथम घातला आहे. शांतिकर्म, जप, होम हे त्यानंतर येतात. माझी रुग्णा माहेरी जाऊन बरी झाली तो स्थानपरित्यागच होता. आचार्यांनी सांगितलेला उपाय तिने नकळत केला आणि मी त्यावर माझ्या वासावलेहाची चिठ्ठी लावली.

निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी, हे आपण सर्व जण प्रथम वर्षापासून लिहीत आलो आहोत. व्यवहारात तिचे काय झाले आहे? निदान म्हणजे आहार, आणि परिवर्जन म्हणजे दही बंद. विहाराचे आणि देशाचे निदान आपण विचारीत नाही, कारण ते विचारायला वेळ लागतो आणि त्यावर विकण्यासारखे काही नसते. कटू वाटेल, पण लिहितो. वर्तमानपत्रांतून ‘अ‍ॅलर्जी मुळापासून नष्ट’ अशा जाहिराती आपल्याच व्यवसायबंधूंच्या येतात. बीजाणूंनी भरलेल्या खोलीत रोज दोन तास उभ्या राहणाऱ्या रुग्णेच्या अ‍ॅलर्जीचे मूळ तिच्या रक्तात शोधून चालत नाही. मूळ छताला टांगलेले असते.

तेव्हा प्रत्यक्ष व्यवहारात काय करावे, याविषयी माझा अनुभव सांगतो.

दोन प्रकारचे रुग्ण वेगळे ओळखले पाहिजेत. पहिला तमक श्वासाचा, म्हणजे दम्याचा. याला बीजाणूंचा संपर्क होताच काही मिनिटांत किंवा तासाभरात घुर्घुरक, छाती आवळणे, खोकला सुरू होतो, श्वास सोडताना शिट्टीसारखा ध्वनी ऐकू येतो, आणि बहुधा प्रतिश्यायाचा पूर्वेतिहास असतो. दुसरा माझ्या रुग्णेसारखा. याला संपर्कानंतर चार ते आठ तासांनी थंडी, ताप, अंगदुखी, कोरडा खोकला आणि धाप येते, एक-दोन दिवसांत शमते, आणि पुन्हा संपर्क आला की पुन्हा येते. यात शिट्टी नसते, पाठीवर फुप्फुसाच्या तळाशी बारीक चुरचुर ऐकू येते. आधुनिक शास्त्र यास हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणते. संपर्क चालूच राहिला तर फुप्फुसाचे ऊतक तंतुमय होत जाते आणि ती हानी परत भरून येत नाही. सकाळी काढणी आणि सायंकाळी ताप, यांच्यामध्ये इतके अंतर असते की रुग्ण स्वतः दोहोंचा संबंध जोडीत नाही. आपण पावसाळ्यात त्यास हिवताप, फ्लू किंवा विषमज्वर म्हणतो. वजन घटलेले पाहून कोणी क्षयाचा संशय घेतो. क्षयाची तपासणी अवश्य करावी, पण ती नकारार्थी आली म्हणून विषय संपत नाही.

प्रश्नपरीक्षेत मी आता चार गोष्टी विचारतो. घरात, गोठ्यात किंवा शेजारी अळिंबीचे बेड आहेत का, आणि वापरून झालेले बेड कोठे टाकता. त्रास बेड भरताना, म्हणजे काड भिजविताना व हाताळताना होतो की काढणीच्या वेळी. पहिल्या प्रसंगी ओल्या काडावरील बुरशी आणि अन्य सूक्ष्मजीव संशयित असतात, दुसऱ्या प्रसंगी अळिंबीचे बीजाणू. घराची भिंत ओल धरते का, झोपण्याच्या खोलीमागे कुजलेले लाकूड वा जुने झाड आहे का. आणि शेवटचा, सर्वांत उपयोगी, परगावी गेल्यावर बरे वाटते का आणि परतल्यावर किती दिवसांनी त्रास होतो. या प्रश्नांना फार तर पाच मिनिटे लागतात.

त्वचाचाचणीचा अहवाल घेऊन रुग्ण येतो आणि त्यात बुरशीस प्रतिसाद नाही असे लिहिलेले असते. त्यावर विसंबू नये. नेहमीच्या चाचणीसंचात अल्टरनेरिया, अ‍ॅस्परजिलस, क्लॅडोस्पोरियम अशा बुरश्या असतात, अळिंबीवर्गीय बीजाणूंचे अर्क बहुधा नसतातच. जे तपासलेच नाही ते नाही असे कसे म्हणावे? दुसऱ्या प्रकारच्या रुग्णास तर ही चाचणी लागूच पडत नाही. त्याच्यासाठी छातीचा सूक्ष्म सीटी स्कॅन आणि श्वसनक्षमतेची चाचणी हवी, म्हणजे फुप्फुसरोगतज्ज्ञांकडे पाठविणे आले. या रुग्णास स्वतःजवळ ठेवून घेण्यात कसले भूषण नाही. मी माझ्या रुग्णेस दोन वर्षे उशिरा पाठविले.

आणखी एक सूचना, जी आपल्या नेहमीच्या उपदेशाच्या विरुद्ध जाते. श्वासाच्या रुग्णास आपण सरसकट सांगतो की पहाटे उठून मोकळ्या हवेत, झाडांच्या सान्निध्यात प्राणायाम करावा. बीजाणूंना संवेदनशील असणाऱ्या रुग्णासाठी पावसाळ्यातील पहाट ही सर्वांत वाईट वेळ आणि दाट झाडी ही सर्वांत वाईट जागा. त्या वेळी दीर्घ श्वास घ्यावयास सांगणे म्हणजे मात्रा वाढवून विष देणे. अशा रुग्णाने प्राणायाम ऊन पडल्यानंतर, कोरड्या खोलीत करावा. मेघ, पाऊस, शीत आणि पूर्वेचा वारा यांनी तमक श्वास वाढतो असे चरकांचे निरीक्षण आहे, आणि पहाटे तो बळावतो हे आपण रोज पाहतो. त्याचे सर्व श्रेय बीजाणूंना देण्याचा मोह मात्र मला टाळावासा वाटतो. दम्याची रात्रीची वाढ बीजाणूंवाचूनही होते, शरीराच्या स्वतःच्या कालक्रमानेही होते.

बीजाणूंच्या खोलीत गुग्गुळ व कडुनिंबाचे धूपन करण्याचा सल्लाही ऐकू येतो. धूम हा श्वासाचा हेतू आहे हे त्याच संहितेत लिहिलेले असताना! खोली रिकामी असताना, बेड उतरविल्यानंतर धूपन करून, मग दारे उघडून ठेवावीत. रुग्णास आत बसवून नव्हे.

अळिंबी उत्पादकांस मी धंदा बंद करा असे सरसकट सांगत नाही. ज्यास सौम्य त्रास आहे त्याने छत्रीची कड वर वळण्याआधी, ती अद्याप आत वाकलेली असतानाच काढणी करावी, काढणीपूर्वी पाण्याची फवारणी करून खोलीची दारे-खिडक्या काही वेळ उघड्या ठेवाव्यात, खोली राहत्या घरापासून वेगळी असावी, आणि एन-९५ मास्क नीट बसवून लावावा. २०२० नंतर हा मास्क खेड्यापाड्यांत परिचित झाला आहे, त्या साथीने दिलेली ही एक उपयोगाची वस्तू. ओढणी किंवा पदर तोंडावर घेतल्याने हे बीजाणू अडत नाहीत. ज्यास ताप येण्याचा प्रकार आहे त्याने मात्र त्या खोलीत पाऊल टाकू नये. येथे मास्कवर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे. औषधांचे स्थान यानंतर. तमक श्वासात वेगावस्थेबाहेर, बलवान रुग्णास वसंतात वमन, एरवी अगस्त्य हरीतकी, वर्धमान पिप्पली यांचा मला चांगला अनुभव आहे. पण हेतू चालू असताना त्यांचे गुण दिसत नाहीत, आणि रुग्ण घेत असलेला इनहेलर आपण परस्पर बंद करू नये.

शेवटी औषधी निर्माते आणि दुकानदार बंधूंशी थोडे बोलावयाचे आहे. येथे प्रश्न अळिंबीचा नसून तिच्या भाऊबंदांचा आहे, गोदामातील साध्या बुरशीचा. गुळवेल, शतावरी, अश्वगंधा, ज्येष्ठमध यांची पोती थेट जमिनीवर, भिंतीला टेकून रचलेली मी पाहिली आहेत. पावसाळ्यात हवेतील आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की त्यांवर बुरशी धरते. मग ते पोते उन्हात पसरतात, ब्रशने झाडतात आणि पल्व्हरायझरमध्ये घालतात. उन्हाने बुरशीची वाढ थांबते, परंतु बीजाणू तेथेच असतात आणि काही बुरश्यांनी निर्माण केलेले अफ्लाटॉक्सिन तर उष्णतेलाही दाद देत नाही. शेड्यूल टी २००० साली लागू झाले, फार्माकोपियाने पोटात घेण्याच्या चूर्णांसाठी यीस्ट व बुरशीची मर्यादा ग्रॅममागे एक हजार ठेवली आहे. हे नियम आपण ग्राहकाच्या रक्षणासाठी आहेत असे समजतो. ते पोते झाडणारा आणि चूर्ण चाळणारा जो कामगार आहे, त्याच्या छातीत किती बीजाणू जातात याची मर्यादा कोणी घातलेली नाही. पावसाळ्यात खोकणारा असा कामगार प्रत्येक फार्मसीत एखादा असतो, आणि त्यास आपण आपल्याच कारखान्यातील कफसिरप फुकट देतो.

फार खर्चाचे काही नाही. जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून हातभर दूर मांडणी, एक आर्द्रतामापक, वाहती हवा खेचून घेणारा पंखा, केरसुणीऐवजी ओल्या फडक्याने सफाई, चाळणीवर काम करणाऱ्यास मास्क. बुरशी दिसलेले पोते परत करावे किंवा नष्ट करावे. त्याचा तोटा सोसण्याची तयारी नसेल तर खरेदी उन्हाळ्यात करावी आणि पावसाळ्यापुरतीच करावी. हल्ली काही निर्माते गॅनोडर्माच्या बीजाणूंचे चूर्ण रसायन म्हणून कॅप्सूलमध्ये भरू लागले आहेत. त्याच्या गुणावगुणांची चर्चा येथे करीत नाही. पण ते भरणाऱ्या मुली तोंडाला काय लावतात, हे मालकाने एकदा स्वतः उभे राहून पाहावे.

माझ्या रुग्णेचे सांगतो. फुप्फुसरोगतज्ज्ञांनी काही महिने स्टेरॉइड दिले, त्या खोलीत जाणे पूर्ण बंद झाले आणि ताप पुन्हा आला नाही. वजन बरेचसे भरून आले. फुप्फुसाच्या तळाशी जो भाग तंतुमय झाला तो तसाच आहे. बेड आता घरापासून दूर, शेताच्या कडेच्या शेडमध्ये आहेत, काढणी तिच्या जाऊबाई करतात आणि प्रत्येक पावसाळ्यात मी त्यांनाही एकदा तपासून घेतो. ती स्वतः विक्री आणि गटाचे हिशेब पाहते. विहिरीवरची कळशी मात्र मुलगा आणतो.